बिनहळदीचा सॉस

आमच्या घरात मीठ विसरलं तर आई ताटाच्या कडेला चिमूटभर ठेवते आणि विषय संपतो. हळद विसरायची मात्र सोयच नाही. शेतात हळद, अंगणात हळद, गच्चीवर वाळत घातलेली हळद, आणि शिजवायच्या दिवसांत तर आमचं मांजरसुद्धा पोटाकडून पिवळं दिसतं. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आसपास माघ-फाल्गुनात कधी येऊन बघा, माणूस हात धुऊन जेवायला बसला तरी भाकरीवर पिवळी बोटं उमटतात. माझे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. दोस्त म्हणायचे, "गड्या, हळद तर तुला दरसालच लागती, नवरी तेवढी भेटंना." मला काही हसू यायचं नाही. बत्तीस वर्षांच्या माणसानं दरसाल तोच विनोद ऐकून दात काढावेत, एवढा मी देवमाणूस नाही.

पोरी पाहायला मी कमी गेलो असं नाही. जायचो, सतरंजीवर मांडी घालून बसायचो, पोहे खायचो. मग पोरीचा चुलता नाहीतर मामा विचारायचा, "पाहुणे, करता काय?" मी म्हणायचो, "शेती." झालं. आतून निघालेली बिस्किटांची ताटली दारातूनच माघारी फिरायची. मी पदवीधर आहे, ट्रॅक्टर स्वतः चालवतो, दारू-गुटख्याचा नाद नाही, हे सगळं माझ्यासोबत आलेला माणूस सांगत बसायचा आणि समोरचे लोक छताच्या पंख्याकडं पाहत बसायचे.

त्यामुळं आखाडा बाळापूरच्या त्या घरी मी गेलो तो काही मोठी आस धरून गेलो नव्हतो. पोरगी हिंगोलीला एका दवाखान्यात नर्स. वडील नाहीत, सगळा कारभार मामाच्या हातात. आणि मामा म्हणजे पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी, रीतिरिवाजाला एकदम पक्के. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं आणि पंख्याकडं बघायला या वेळी मीच सुरुवात केली. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मामा, मला ह्यांच्याशी जरा बोलायचंय."

आम्हाला मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं. खिडकीला तिच्याकडच्या बायकांचे कान लागलेलेच होते.

"स्वयंपाक येतो का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"चहा येतो."

"अजून?"

"अंडं उकडता येतं."

"अंडं आपलं आपण उकडतं. तुम्ही काय करता, बघत उभे राहता?"

मी बघतच उभा राहायचो. इतकं बराबर मला आजवर कोणी ओळखलं नव्हतं. मी हसलो, ती पण हसली, आणि तिथंच, त्या टाकीजवळ, मला ती आवडली. लई आवडली. उगं आडपडदा कशाला ठेवू?

मग ती हसायची थांबली. "माझी ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची," ती म्हणाली. "सगळा वेळ पायावर उभी असते मी. घरी आल्यावर मला परत ओट्यापुढं उभं राहायचं नाही. रोज करा असं म्हणत नाही, पण करणारं माणूस पाहिजे. बघायला येणारे सगळे तोंडानं हो म्हणतात. म्हणून मी आता तोंडाचं ऐकतच नाही."

रीतीप्रमाणं पुढच्या रविवारी तिच्याकडची मंडळी आमचं घर पाहायला येणार होती. तिची अट अशी, की त्या दिवशीचं जेवण मी करायचं, आईनं नाही. आणि करायचा पास्ता. लाल सॉसचा. सॉस घरी, टमाट्यापासून, बाटलीतला चालणार नाही. एवढं सांगून तिनं माझ्या पिवळ्या हातांकडं पाहिलं.

"त्यात हळद घालायची नाही. फोडणी पण नाही. नांदेडला आमच्या होस्टेलच्या मावशी पास्त्याला मोहरी-हळदीची फोडणी द्यायच्या. सगळं शिक्षण मी पिवळा पास्ता खाऊन केलंय. तुम्हाला जमलं तर पुढं बोलू. नाही जमलं तर तिथंच थांबू."

"जमतंय की," मी म्हणालो. पास्ता म्हणजे काय हे मला ऐकून माहीत होतं. खाल्ला कधीच नव्हता.

गोरेगावच्या किराणा दुकानदाराला मी पास्ता मागितला, तर त्यानं बरणीतून बारक्या रंगीत नळ्या काढल्या आणि म्हणाला, "हेच ते. शहरातले लोक पास्ता म्हणतात." मी दोन पुडे आणले आणि घरी येऊन पाण्यात उकळायला टाकले. मोबाईलवरची बाई सांगत होती, नळ्या जरा कचकच राहिल्या पाहिजेत. माझ्या नळ्या हलवता हलवता गायबच झाल्या. पातेल्यात नारंगी खळ तयार झाली. आई डोकावून म्हणाली, "पोंगे उकडून राहिला का रे तू?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोंगे! लहानपणी तळून, बोटांत घालून खायचे ते पोंगे! त्या खळीनं निदान भिंतीला लग्नपत्रिका चिकटवता आली असती, पण पत्रिका कुठं होती?

मग मी गुमान हिंगोलीला गेलो आणि मोठ्या दुकानातून खरा पास्ता आणला. मोबाईलवरच्या बाईला ऑलिव्हचं तेल लागत होतं. ते मला औषधाच्या दुकानात मिळालं, इवलीशी बाटली. दुकानदारानं ती कागदात गुंडाळता गुंडाळता तोंड भरून विचारलं, "अरे वा! पोरगं का पोरगी?"

"कोणाला?"

"तुम्हाला. मालिशचं तेल आहे ना हे, बाळाच्या."

"माझं अजून लग्न झालं न्हाई," मी म्हणालो.

त्यानं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बाटली हळूच परत काचेच्या कपाटात ठेवली. मी म्हणालो जाऊ द्या, घरचं करडईचं तेल काय वाईट आहे? इटलीच्या लोकांना करडई माहीत नसंल, त्याला मी काय करू!

राहिला तो बेसिल नावाचा पाला. त्याचा फोटो मी माझ्या दोस्ताला दाखवला. त्याचं बांगड्यांचं दुकान आहे, घर दुकानाच्या मागंच. त्याच्या अम्मीला, म्हणजे आमच्या खालाला, त्यानं मोबाईल दाखवला तर ती म्हणाली, "अरे ये तो सब्जा है! पूरे आंगन में येच पड़ा है." सब्जा मला माहीत होता, पण तो दर्ग्यातला. फुलांच्या चादरीसोबत मजारीवर वाहतात तो. खालानं पदरात मावेल एवढा तोडून आणला आणि विचारलं, "किसकी मजार पे जा रा बेटा?"

"खाला, टमाटे में डालना है."

खाला थोडा वेळ माझ्याकडं ताप आलेल्या माणसाकडं बघतात तशी बघत राहिली. मग सगळा पाला माझ्या पिशवीत कोंबून म्हणाली, "डाल बाबा. कुछ बी कर, मगर शादी कर ले."

आता आईचं सांगतो. माझं लग्न व्हावं म्हणून आईनं जेवढे उपास केले, तेवढ्यात एखाद्याला मुक्ती मिळाली असती. ही पोरगी तिला फोटोतच पसंत पडली होती. मी स्वयंपाक करणार हे ऐकून तिनं कपाळाला हात लावला, पण तेही गिळलं. हळद-फोडणीचं मी शेवटी सांगितलं. तिच्या हातात सूप होतं, ते तिनं खालीच आपटलं.

"हळद काहून न्हाई?"

"तिची अट हाय, आई."

"बिनफोडणीचं, बिनहळदीचं कवा खातात, ठाव हाय ना तुला?"

ठाव होतं. आमच्याकडं घरात कोणी वारलं की सुतक फिटेपर्यंत फोडणी बंद, हळद बंद. घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे लोक भाकरी आणि पांढरंफटक वरण आणून देतात, ते गिळायचं. काही वर्षांमागं वडील गेले तेव्हा आम्ही मायलेकांनी तेच खाल्लं. त्या दिवसांनंतर आईनं बिनफोडणीचं काही ताटात येऊच दिलं नाही. उकडलेल्या बटाट्यालासुद्धा ती तडका देते.

"पाहुण्यांच्या पुढं सुतकाचं ताट वाढणार का तू? सोयरीक जमायच्या दिवशी?" तिचा आवाज चढला. "कर, तुला काय करायचं ते कर. म्या त्या दिवशी चुलीला हात लावणार न्हाई. चहा बी तूच कर."

आमची आई एकदा बोलली की बोलली. वरून देव आला तरी त्याला चहा मीच द्यायचा.

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. जीप भरून माणसं येणार म्हणून टमाट्याचं अख्खं कॅरेट आणलं होतं आणि पंगतीचं मोठं पातेलं मागून आणलं होतं. पहिली अडचण हातांची. राखेनं घासले, लिंबानं घासले, डिझेलनं पुसले, परत साबणानं धुतले. पिवळे ते पिवळेच. बिनहळदीचा सॉस करायचा आणि ढवळणारा माणूसच हळदीचा, काय करता? शेवटी फवारणीचे रबरी हातमोजे घातले. नवे कोरे होते, उगं शंका नको.

मोबाईलवरच्या बाईनं सांगितलं होतं की टमाट्याच्या बुडाला चाकूनं फुलीसारखी चीर द्यायची आणि गरम पाण्यात बुडवायचं, म्हणजे साल आपोआप सुटते. मी एकेका टमाट्याला फुली मारून ओळीनं मांडत होतो. आई पाणी न्यायला आत आली, तिनं त्या ओळीकडं पाहिलं. चौफुलीवर उतारा टाकतात ना, लिंबाला चिरा देऊन, तसंच दिसत होतं ते. ती नुसतं "देवा!" म्हणाली आणि तांब्या न घेताच बाहेर गेली.

लसूण सोलून सोलून नखं दुखायला लागली. कांदा चिरताना मी असा रडलो की वडील गेले तेव्हाही एवढं पाणी आलं नसंल. करडईच्या तेलात लसूण टाकला, कांदा टाकला, टमाटे कुस्करून टाकले, आच मोठी केली. आणि मग तो सॉस उडायला लागला. पचाक्! भिंतीवर. पचाक्! कॅलेंडरवर. पचाक्! माझ्या कानावर. मी झाकण घेऊन ढालीसारखा उभा आणि पातेलं माझ्यावर गोळ्या झाडून राहिलं. आच कमी करायची असते हे मला कळेपर्यंत स्वयंपाकघर खाटकाच्या दुकानासारखं दिसायला लागलं, आणि खालून थोडं लागलं ते वेगळंच. सब्जा घातला. घरभर दर्ग्यातला वास सुटला. पाहुण्यांची वेळ झाली होती. मी बादल्यांवर बादल्या ओतून सगळं घर धुऊन काढलं, ओसरीपासून दारापर्यंत.

तिकडं अंगणात आई सकाळीच डोक्यावरून न्हाली होती. केस मोकळे सोडून, तोंड फुगवून, कडुनिंबाखाली जमिनीवरच बसली होती. गल्लीतल्या बायकांना खबर लागली होती की फलाणीचा पोरगा फवारणीचे मोजे घालून स्वयंपाक करून राहिला. त्या एकेक करून आल्या आणि आईभोवती बसल्या. खिडकीतून मी दिसलो की तोंडात पदर कोंबायच्या आणि हुंदके दिल्यासारख्या हलायच्या. आईच्या पुढ्यात मोठ्यानं हसायची कोणाची छाती होती? त्यातल्या एका मावशीला आईची दया आली. "बाईच्या घरची चूल आज बंद हाय," म्हणून तिनं घरून भाकरी आणि पिठलं फडक्याखाली झाकून आणून ठेवलं.

अशा मुहूर्तावर जीप आली.

मामा उतरले. त्यांनी काय पाहिलं ते आता माझ्या ध्यानात येतं. दारापर्यंत धुतलेलं घर. मोकळे केस सोडून जमिनीवर बसलेली बाई. तिच्याभोवती तोंडाला पदर लावून हलणाऱ्या बायका. बाजूला शेजारच्यांनी आणलेली झाकलेली भाकरी. पाहुणे यायचा दिवस आणि घरातून फोडणीचा वास म्हणून नाही. मामांनी टोपी काढली. मागची मंडळी जिथल्या तिथं थांबली. मामा हळूहळू चालत माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कांद्यानं माझे डोळे लालच होते.

"लई वाईट झालं," मामा म्हणाले.

मला वाटलं, जळका वास आला वाटतं ह्यांना. "व्हय मामा. म्या बाजूलाच उभा होतो, तरी झालं."

"शेवटी आपल्या हातात काय असतं," मामा म्हणाले. "दवाखान्यात नेलं होतं का?"

"कोणाला? पातेल्याला?"

कडुनिंबाखालच्या एका बाईचा बांध फुटला. ती पदर सोडून खो खो हसायला लागली, मग दुसरी, मग सगळ्याच. कोणी मेलेलं नाही हे मामांना समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. त्यांनी टोपी परत घातली, पण ती आता जरा जास्तच खाली ओढून घातली. एवढ्या लोकांत आपलं हसं झालं, हे त्यांना लागलं होतं. पोरगी मागं तिच्या आईजवळ उभी होती. ती हसली नाही. ती सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या दारात गेली, भिंत पाहिली, कॅलेंडर पाहिलं, माझे हातमोजे पाहिले, आणि माघारी येऊन सतरंजीवर बसली. तिच्या तोंडावरून मला काडीचा अंदाज येईना.

मी पंगत बसवली. पास्ता उकडला होता, तो सॉसमध्ये कालवला, आणि मी पळीनं ताटात वाढत गेलो. माझं सगळं त्या पातेल्यात होतं.

मामांनी ताटात पाहिलं. बोटानं जरा सारून पाहिलं.

"ह्याला फोडणी?"

"न्हाई, मामा."

"हळद?"

"न्हाई."

"हळद पिकवणाऱ्याच्या घरात हळद न्हाई?" मामांनी ताट हातानं पुढं सारलं. "हे सुतकाचं ताट हाय. कोणी मेलं असो का नसो. बाहेर ते तसलं, आत हे असलं. सोयरिकीच्या दिवशी म्या हे तोंडात घालणार न्हाई. चला, उठा."

"मामा, मीच सांगितलं होतं तसं करायला," ती म्हणाली.

"तू गप बस."

आमच्याकडं मोठं माणूस ताटावरून उठलं की पंगत उठते. मग कोणी एक घास खात नाही, आणि त्या घरात पुन्हा कोणी सोयरीक घेऊन येत नाही. मामा उभे राहिले. त्यांच्यामागं बाकीचे चुळबूळ करत उठायला लागले. बाहेर जीप चालू झाल्याचा आवाज आला. मी पळतच स्वयंपाकघरात गेलो आणि मसाल्याचा डबा उघडला. मोहरी समोर, जिरं समोर, हळद समोर. तेल तापवायला कितीसा वेळ लागतो? वरून एक चर्रकन फोडणी ओतली असती तर मामा बसले असते, दोनदा मागून जेवले असते. मी डबा हातात घेऊन वळलो तर ती दाराच्या तोंडाशी बसलेली, अजून उठलेली नाही, माझ्याकडंच बघत होती. फोडणी दिली तर मामा राहणार आणि ही जाणार. नाही दिली तर मामा जाणार आणि हिलाही घेऊन जाणार. मी तसाच उभा राहिलो, डबा घेऊन, बावळटासारखा. मला रडू यायला लागलं होतं, आणि या वेळी कांद्याचा काही संबंध नव्हता.

तेवढ्यात आई आत आली. केसांची गाठ मारत, कोणाकडं न बघता. ती मामांच्या जागेवर बसली आणि त्यांनी सारलेलं ताट तिनं पुढं ओढलं.

"वाढलेलं ताट असं टाकू नये, पाहुणे," ती म्हणाली आणि खायला लागली.

सगळे उभ्या-उभ्या बघत राहिले. आई ती नळी बोटांनी उचलायची, ती घसरायची, ती परत उचलायची. चार-पाच घास झाले. मग तिनं मान वर केली.

"सुतकाचं ताट काय असतं, ते मला सांगू नका," ती मामांना म्हणाली. "ह्याचे वडील गेले तवा म्या खाल्लेलं हाय. पर खरं सांगू का, पाहुणे? लग्न करून ह्या घरात आले तवापासून मला कोणी करून वाढलं ते त्याच दिसांत. ताप असला तरी म्या उठून भाकरी थापली. लेकरू झालं त्याच्या बाराव्या दिवशी थापली. घरात मयत झालं तवाच तेवढं मला बसल्या जागी ताट मिळालं. आज माझ्या लेकानं केलं, माझ्या लेकानं वाढलं. अन् मेलं कोणीच न्हाई. मग म्या काहून नको खाऊ?"

माझ्या हातात अजून तो डबा होता. मला इतकी लाज वाटली आणि आईची इतकी माया आली की कुठं बघावं ते कळेना. दारात जमलेल्या बायका आता खरंच पदरानं डोळे पुसत होत्या. पोरीची आईही.

पोरगी आपल्या जागेवरून उठली, आपलं ताट उचललं आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसली. एक घास खाल्ला. चावला. गिळला.

"मीठ कमी आहे," ती मला म्हणाली. मग मामांकडं वळली. "मामा, आपण घर पाहायला आलो होतो ना? मी पाहिलं. मागून कळवायचं काही राहिलेलं नाही. मला पसंत आहे."

मामांनी खाली ओढलेली टोपी वर सारली. मग बाहेर बघून त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, "बंद कर रे ती जीप," आणि भिंतीला टेकून खाली बसले.

आईनं त्यांच्याकडं पाहिलं सुद्धा नाही. तिचं ताट रिकामं झालं होतं. तिनं ते माझ्यापुढं केलं.

"वाढ अजून," ती म्हणाली.

मी डबा खाली ठेवला आणि वाढलं.